डबल बेल

४ फेब्रुवारी

संसदेकडून दरवर्षी यांना जाड पुठ्ठ्याची डायरी येते. हे तिच्यात कधी अक्षर लिहीत नाहीत आणि मला कोरा कागद टाकवत नाही, म्हणून आजवर दूध, किराणा, इस्त्री यांचे हिशेब तिच्यात मांडत आले. यंदा हिशेब मागच्या पानांवर ढकलले. पुढची पानं बोलायला ठेवली. घरात माणूस आहे, पण बोलणं उरलेलं नाही.

गेल्या अधिवेशनात हे सभागृहाच्या पायऱ्यांवरच कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. देवाने सगळीच वाचा नेली असती तर एक वेळ समजलं असतं. पण दोन शब्द मागे ठेवले : अध्यक्ष महोदय.

तहान लागली, अध्यक्ष महोदय. पाठ दुखली, अध्यक्ष महोदय. सकाळी मी देवापुढे बसते न बसते तोच आतून हाक, ‘अध्यक्ष महोदय!’ आज दूधवाला दारात दचकला. ‘बाई, मला म्हणाले का?’ म्हटलं, ‘नाही रे बाबा, मला. इतकी वर्षं नुसती ‘अगं’ होते, आता बढती मिळाली.’ तो हसला. दार लावल्यावर मी तिथेच जरा उभी राहिले.

८ फेब्रुवारी

वाचा शिकवायला आजपासून एक बाई यायला लागली. पोरगेलीच आहे, माझ्या लेकीच्या वयाची. विचारलं, ‘सगळं गेलं आणि हेच दोन शब्द कसे राहिले?’

म्हणाली, ‘काकू, जिभेला सवय झालेले शब्द मेंदू वेगळ्या कोपऱ्यात ठेवतो. कोणाचं देवाचं नाव उरतं, कोणाच्या नुसत्या शिव्या उरतात. माझ्याकडे एक हेडमास्तर आहेत. बायको घास भरवते आणि ते तिच्या सात पिढ्या उद्धरतात. तुम्ही नशीबवान.’

यांच्या तोंडी देवाचं नाव उरलं नाही याचं थोडं वाईट वाटलं. मग मनाची समजूत घातली, देव काय नि अध्यक्ष काय, दोघांकडे मान वर करूनच बोलावं लागतं.

त्यांचा जुना आवाज त्यांना ऐकवा, म्हणाली. लेक म्हणते संसदेतली सगळी भाषणं मोबाइलवर सापडतात, सवड झाली की शोधून आणते. मी यांचं सभागृहातलं एकही भाषण ऐकलेलं नाही. हेच म्हणायचे, ‘घरी ऐकतेस तेच तिथे. फक्त तिथे कोणी उलटून बोललं तर छापून येतं.’

११ फेब्रुवारी

सगळ्यात मोठी पंचाईत हो आणि नाहीची. मानही उलटसुलट हलते. बाई म्हणाली, या आजारात नेमकी या दोनांचीच गल्लत होते, घाई करू नका. पण घर चालवायचं तर हो-नाहीवाचून कसं चालणार?

आज जप करता करता सुचलं. देवानेच सुचवलं म्हणायचं. खासदार व्हायच्या आधी निम्मं आयुष्य हे बसवर कंडक्टर होते, डोंगरातल्या वाड्यांना जाणाऱ्या शेवटच्या गाडीवर. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. लग्न नवं होतं तेव्हा बाहेर जाताना ‘निघायचं का’ असं विचारायचे नाहीत, उंबऱ्यात उभे राहून म्हणायचे, ‘डबल बेल?’

त्यांच्याजवळ बसले नि सांगितलं, ‘एकदा म्हणालात तर नको. दोनदा म्हणालात तर हो. कळलं?’ बघत राहिले.

‘चहा देऊ?’

‘अध्यक्ष महोदय, अध्यक्ष महोदय.’

‘डबल बेल!’ मी ओरडलेच. चहा दिला, सगळा प्याले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. जग जिंकल्यासारखं झालं.

१५ फेब्रुवारी

पद्धत छान बसली. खिडकी लावू का विचारलं, दोनदा म्हणाले, लावली. मग चांगल्या हाताने पांघरूण भिरकावलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पाय ठणकत असणार. तेल चोळलं. न्हाऊ घालू का विचारलं, दोनदा म्हणाले. न्हाताना बादलीतलं पाणी माझ्यावरच उडवलं. अंघोळीचा यांना पहिल्यापासून कंटाळा.

लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणते, ‘आई, पण बाबांना माहीत आहे ना ही पद्धत?’

म्हटलं, ‘कंडक्टरला बेल शिकवायची होय गं?’

१९ फेब्रुवारी

पेपरात बसगाड्यांच्या विधेयकाची बातमी आहे. पुढच्या आठवड्यात चर्चा, मतदान पुढच्या महिन्यात. पेपर यांच्यापासून लपवावा असं वाटलं, पण उशीखाली सरकवताना यांनी पाहिलाच.

पडायच्या आदल्या रात्री याच विधेयकाचे कागद घेऊन बसले होते. वाड्यांवर जाणारी शेवटची गाडी तोट्यात आहे म्हणून बंद करायची म्हणतात. सरकार यांच्याच पक्षाचं. हे म्हणाले होते, ‘ही गाडी रात्री वर जाते, तिथेच मुक्काम करते आणि पहाटे आजारी माणसं, दुधाचे कॅन, शाळेची पोरं घेऊन खाली येते. ती बंद झाली तर डोंगराला दार लावल्यासारखं आहे. मी बोलणार.’

मी घाबरून म्हटलं, ‘पुढच्या वेळी तिकीट देणार नाहीत.’

तर हसले. ‘आयुष्यभर लोकांची तिकिटं फाडली. एकदा माझं फाटू दे की.’

आता कोण बोलणार? आज संध्याकाळी देवाला एवढंच म्हटलं, यांचं ते एक भाषण राहू देऊ नकोस. बाकी मी काही मागत नाही.

२३ फेब्रुवारी

देवाने ऐकलं!

पक्षाचे प्रतोद आले होते. कोणी कधी हजर राहायचं, कसं मत द्यायचं हे पक्षाच्या वतीने बघतात ते. हे त्यांना पाठीमागे चाबूकराव म्हणतात आणि मीही मनातून त्यांना जरा बिचकूनच असायची. पण माणूस मायेचा निघाला. यांचा हात हातात घेऊन बसले. म्हणाले, ‘वहिनी, बसगाड्यांवर हे बोलणार होते, सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या नावचं भाषण राहायला नको. आपण ते लेखी देऊ. सभागृहाच्या पटलावर ठेवलं की बोलल्यासारखंच धरतात, छापूनही येतं.’

मला तर रडूच आलं. चार दिवसांपूर्वीच मागितलं होतं.

भाषण त्यांनीच मोठ्याने वाचलं. भाषा जड होती. मी मॅट्रिक, तीही जुनी, पण बरंच कळलं. यांचीच वाक्यं वाटत होती, शेवटचा प्रवासी, डोंगरातली माणसं. पुढे मार्गांचं सुसूत्रीकरण व्हावं असं होतं. सुसूत्रीकरण म्हणजे सगळं एका सूत्रात नीट ओवणं असणार. शब्दही किती चांगला, मण्यांच्या माळेची आठवण देणारा.

वाचून झाल्यावर चाबूकराव म्हणाले, ‘त्यांना मान्य आहे ना, वहिनी? तुम्हीच विचारा.’

मी विचारलं, ‘अहो, हे भाषण देऊ ना?’

हे उशीवरून उठायला बघत होते. चेहरा लाल झाला. ‘अध्यक्ष महोदय! अध्यक्ष महोदय!’

‘डबल बेल,’ मी म्हटलं. ‘हो म्हणताहेत.’ इतका ठणठणीत आवाज आजारी पडल्यापासून ऐकला नव्हता.

सही होत नाही म्हणून डावा अंगठा घ्यायचा ठरलं. तर यांची मूठच उघडेना. उजव्या हाताची बोटं अशी आखडतात, तेव्हा हळूहळू एकेक सोडवायची, असं बाईने शिकवलंय. तशीच सोडवली. आज चांगला हातही आखडला याची काळजी वाटते. डॉक्टरांना विचारायला हवं.

चाबूकराव गेल्यावर दूध दिलं. घेतलं नाही. दमले असतील.

२७ फेब्रुवारी

छापून आलं असणार. यांना म्हटलं, ‘झालं बरं का तुमचं भाषण.’ डोळे मिटून घेतले. चार दिवस झाले, हाक नाही की काही नाही. ‘अध्यक्ष महोदय’सुद्धा नाही. घर कसं ओकंबोकं वाटतंय. त्या दोन शब्दांचा मला कंटाळा यायचा, आता कान तिकडेच लागलेत.

१ मार्च

यांच्या बसवरचे ड्रायव्हर भावजी आता निवृत्त होऊन वरच्या वाडीतच राहतात. दर रविवारी फोन करतात. एरवी पहिलंच वाक्य, ‘वहिनी, आमच्या कंडक्टरला आवरा.’ आज नुसतं, ‘कसे आहेत?’

मी उत्साहाने म्हटलं, ‘पेपर पाहिलात का? भाषण झालं यांचं.’

‘पाहिला.’ मग म्हणाले, ‘वहिनी, मी त्याच्याबरोबर चोवीस वर्षं गाडी चालवली. धावत येणारं एक माणूस दिसलं तरी बेल न देता दारात उभा राहायचा तो. मी शिव्या द्यायचो. आज वाडीतली माणसं विचारताहेत, कंडक्टरनेच कशी हो बेल दिली?’

‘काहीतरीच काय, भावजी!’

‘मथळाच तसा आहे. माजी कंडक्टर खासदाराचाही पाठिंबा. आजारी माणसाला मी काय बोलू? काळजी घ्या त्याची,’ म्हणाले आणि ठेवून दिला.

रद्दीत बांधलेला पेपर सोडला. आहे तसा मथळा.

लेकीला विचारलं, ‘सुसूत्रीकरण म्हणजे काय गं?’

‘बंद करणं, आई. चांगल्या शब्दात.’

२ मार्च

पण यांनी दोनदा म्हटलं. मी स्वतः ऐकलं. आजारपणात माणसाचं मन बदलत नाही का? पक्षाचं ऐकावं असं वाटलं असेल. त्यांनी हो म्हटलं म्हणूनच मी हो म्हटलं. त्यात माझं काय चुकलं?

हे तीनदा लिहून झालं. दोनदा खोडलं.

५ मार्च

लेक आली. मोबाइलवर यांची भाषणं घेऊन आली. दुपारी हे झोपले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ऐकत बसलो.

तोच आवाज. त्यात कोसळण्याच्या आधीचा सगळा माणूस होता. लेक पदराने, म्हणजे माझ्याच पदराने, डोळे पुसत होती. मग एक जुनी चर्चा लागली. कोणी मंत्री सांगत होते की डोंगरातल्या लोकांची काही तक्रार नाही. आणि मध्येच यांचा आवाज, ‘अध्यक्ष महोदय! अध्यक्ष महोदय!’

माझ्या हातातून वाटी पडली.

तोच सूर. तोच ‘महो’वरचा जोर. मी लेकीला म्हटलं, ‘परत लाव.’ परत लावलं. पुढे काय म्हणतात ते ऐकू आलं : ‘अध्यक्ष महोदय, अध्यक्ष महोदय, हे खोटं आहे. माझा याला विरोध आहे.’

लेकीने दुसरं लावलं, तिसरं लावलं. भाषणाला सुरुवात करताना एकदाच म्हणतात, शांतपणे. आडवं जायचं असलं, कोणाला थांबवायचं असलं की दोनदा. दर वेळी. तिथे कोणी एकदा म्हटल्याने थांबतच नसावं.

खिडकी नको होती. अंघोळ नको होती. भाषण नको होतं.

आणि मूठ मी उघडली. बोट न् बोट.

लेक म्हणाली, ‘आई, तुला काय माहीत असणार?’ तिने पाठीवर हात ठेवला तो मला सहन झाला नाही. उठून भांडी घासली, घासलेलीच.

७ मार्च

चाबूकरावांच्या कचेरीत जाऊन आले. बाहेर बराच वेळ बसवलं. मी काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, ‘वहिनी, मी तुम्हाला विचारलं होतं ना? मी तर तुमच्या तोंडाकडे बघत होतो. हो म्हणताहेत, असं तुम्हीच म्हणालात.’

‘मला बेल कळली नाही,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘काही नाही. ते भाषण परत घ्या.’

‘छापलेलं परत घेता येत नाही. सदस्याने स्वतः जागेवर उभं राहून खुलासा करायचा, नाहीतर मतदानाला नाही म्हणायचं. त्यांना म्हणता येईल का?’ घड्याळ बघून म्हणाले, ‘आलं म्हणता, तर माझी हरकत नाही.’

घरी येऊन यांच्यासमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. कारण, चूक, सुसूत्रीकरण, बेल. हे छताकडे बघत होते. मी म्हटलं, ‘एकच शब्द म्हणायचाय. नाही. मतदानाला अजून वेळ आहे. शिकायचा का?’

बऱ्याच दिवसांनी आवाज आला. ‘अध्यक्ष महोदय.’ एकदाच, हळू. याचा अर्थ मी लावला नाही. अर्थ लावायची माझी पाळी संपली. बाईला फोन केला.

१४ मार्च

बाई आरसा घेऊन येते. जीभ वरच्या दातांमागे टेकवायची, ‘ना’. मग तोंड किंचित उघडून श्वास सोडायचा, ‘ही’. हे आरशात स्वतःकडे बघतात आणि घामाघूम होतात. ज्या माणसाला पक्षात सगळे ‘नाहीबुवा’ म्हणून चिडवायचे, त्याला नाही म्हणायला शिकवतोय आम्ही. देवा, ही थट्टा तुला तरी शोभते का? हे लिहिलं, मग माफी मागितली. पण खोडलं नाही.

२० मार्च

‘ना’ आला! खणखणीत. ‘ही’ येत नाही. मध्येच ‘महोदय’ घुसतो. ‘ना... महोदय.’ बाईसुद्धा हसली. हे हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले. मग मीही हसले. कितीतरी दिवसांनी या घरात तिघं हसली.

बाई म्हणते, नुसता ‘ना’ म्हटलं तरी सभागृहाला कळेल. मीही तेच धरून बसले आहे.

२६ मार्च

उद्या मतदान. यांची दाढी लेकीने केली. कोट सैल झालाय, आतून टाके घालून घेतला. भावजींना फोन केला. म्हणाले, ‘वहिनी, वाडीवर सगळे टीव्हीपुढे बसतील. त्याला सांगा, गाडी थांबवूनच उतर.’ सांगितलं. हे बराच वेळ माझा हात धरून होते. चांगल्या हाताने.

२७ मार्च

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

चाकाच्या खुर्चीतून यांना आत नेलं. मी आणि लेक वर प्रेक्षकांच्या सज्जात. तिथे बोलायचं नाही, हात हलवायचा नाही, असं शिपायाने आधीच बजावलं. यांना पाहून दोन्ही बाजूंचे लोक उठून भेटायला आले. चाबूकरावही. पाठ थोपटत होते.

अध्यक्ष म्हणाले, ‘विधेयकाच्या बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं.’ मोठा गलका झाला. ‘विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावं.’ समोरच्या बाकांवरून थोडे आवाज आले. आणि हे उठले. डाव्या हाताने बाक धरून, एका पायावर. सगळं सभागृह एकदम गप्प झालं. अध्यक्ष म्हणाले, ‘बोला, सभागृह ऐकत आहे.’

मला वरून यांचा जबडा दिसत होता. जीभ दातांमागे जात होती. मी माझीही लावली. लेकीनेही लावली असणार.

‘अध्यक्ष महोदय,’ हे म्हणाले.

‘बोला, बोला.’

‘अध्यक्ष महोदय! अध्यक्ष महोदय!’

तोच सूर. महोवर जोर. इतकी वर्षं त्याच सभागृहात म्हणत आले, एकाला तरी ओळखू येईल असं वाटलं. कोणीतरी बाक वाजवला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी, दोन्ही बाजूंनी. उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळे पुसले. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, ‘माननीय सदस्य एवढ्या आजारातही या विधेयकाला पाठिंबा द्यायला आले, हा सभागृहाचा सन्मान आहे.’

हे अजून तेच म्हणत होते. टाळ्यांत ऐकू येत नव्हतं, ओठ दिसत होते.

मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. ‘अहो, नाही म्हणताहेत ते! नाही म्हणताहेत!’

सगळ्या माना वर झाल्या. शिपाई धावत आला. अध्यक्ष म्हणाले, ‘सज्जातलं काही नोंदीत जाणार नाही.’ शिपाई वाईट नव्हता. माझा दंड धरून म्हणाला, ‘चला आजी. घरच्या माणसांना भरून येतं, आम्ही बघतो नेहमी.’

जिन्यात असतानाच विधेयक मंजूर झाल्याच्या टाळ्या ऐकू आल्या. यांच्यासाठी वाजल्या होत्या तशाच.

भावजींचा फोन आला नाही. मी केला नाही.

२८ मार्च

सकाळी देवापुढे बसले. काही मागितलं नाही. मागचं मागितलेलं दिलं त्यानेच हे झालं.

यांना चहा पाजला. खिडकी उघडी ठेवली. पायाशी बसले आणि म्हटलं, ‘तुमच्या तोंडातलं ‘नाही’ मीच पुसलं. जगात तुमचं बोलणं कळणारी मीच एक, असा मला माज होता. माझ्यावर रागावलात का?’

बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग जबडा हलला. जीभ दातांमागे गेली. मला वाटलं, पुन्हा तेच दोन शब्द येणार, मी मान खाली घातली.

‘ना,’ म्हणाले. श्वास घेतला. ‘ही.’

स्वच्छ. आरशाशिवाय.

लेक दारात उभी होती, तिने तोंडावर हात धरला. मी यांचा हात धरून नुसती बसले. कालच्या प्रश्नाचं उत्तर असेल तर एक दिवस उशिरा पोचलं. माझ्या प्रश्नाचं असेल तर ते माझ्या लायकीपेक्षा फार मोठं आहे. कोणत्या प्रश्नाचं, ते विचारलं नाही. विचारलं असतं आणि पुन्हा म्हणाले असते, तर दोनदा झालं असतं, आणि दोनदाचा अर्थ लावायची आता माझी छाती नाही.